नऊ कड्यांचा गुडघा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते कुणी खरं मानणार नाही, आणि ज्यानं मानलं त्याच्या अकलेची मला काळजी वाटेल. अकरा वर्षं मी या खिडकीजवळच्या टेबलावर पडून हेच सांगतो आहे. निम्म्या मुलांनी मला थापाड्या म्हटलं. उरलेली निम्मी ऐकता ऐकता झोपली. झोपलेल्यांना गोष्ट जास्त आवडली असं माझं मत आहे.

मी एक जुना गुडघा आहे. शेळीचा नाही, उंटाचा नाही, माणसाचा. पण हाडाचा नसून धातूचा. आणि मी वाढायचो. खरंच वाढायचो. माझ्या एका बाजूला नळी आहे, नळीत दांडा आहे आणि दांड्यावर बारीक नऊ कडी कोरलेली आहेत. डॉक्टर मांडीला बोटभर चीर देत, किल्ली फिरवत, की एक कडं नळीतून बाहेर. एक कडं म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी उंची. लहान मुलाचा चांगला पाय आपल्या आपण वाढत जातो. धातूचा गुडघा बसवलेला पाय मागे राहतो, म्हणून ही युक्ती. आणि एकदा बाहेर आलेलं कडं परत आत जात नाही. आतली खिट्टीच तशी आहे. मी दिलेला शब्द आणि बाहेर आलेलं कडं, दोन्ही परत घेता येत नाहीत.

उमैर, हसू नकोस, तुझी सलाईनची नळी हलते. आणि रनीम, ते सफरचंद एकदाचं संपव. सकाळी ती सफरचंदं आली तेव्हापासून तू तेच एक कुरतडते आहेस. रात्रीनंतर तुला काही खाता यायचं नाही. उद्या सकाळी तुला आत नेणार आहेत. तुझ्या मांडीच्या हाडाचं रोगट टोक आणि गुडघा काढून तिथं माझ्या जातीचा एक नवा बसवणार आहेत. तू मात्र डॉक्टर सुहैलना सांगून टाकलंस, "हा जुना गुडघा जिच्या पायात होता तिचं पुढे काय झालं, ते कळल्याशिवाय मी जाणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "मग त्यालाच विचार." आणि निघून गेले. हुशार माणूस. अवघड प्रश्न नेहमी माझ्याकडे ढकलतो.

तुझी आई बाहेर बाकावर बसली आहे. तिनं सकाळपासून चहाचा घोटसुद्धा घेतलेला नाही. तेव्हा सांगतो. फक्त मला कुणी उचलू नका. मी भलता जड आहे. आणि भिंतीकडे तोंड करून पडायची मला सवय आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. ती किती तापली होती म्हणाल, तर अम्मानच्या सगळ्या टेकड्यांवरच्या सगळ्या भाकऱ्या तिच्यात एका दमात भाजून निघाल्या असत्या. माझा एक भाऊ विमानात गेला. एक राजाच्या तलवारीत गेला. मला मात्र घासलं, उकळलं आणि तीन पिशव्यांत बंद करून एका मुलीसाठी ठेवलं. पिशवीवर तिच्या हाडाची मापं होती, नाव नव्हतं. नाव नंतर कळलं. फिद्दा. म्हणजे चांदी. तिचा बाप मुत्लक मला पहिल्यांदा पाहून म्हणाला, "चांदीच्या पोरीला चांदीचा गुडघा." मी चांदीचा नाही. पण बोललो नाही. आयता मान मिळत असताना हरकत कशाला घ्यायची?

फिद्दा अकरा वर्षांची होती. शौबकची. थंडीत जिथं बर्फ पडतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी सफरचंदं उतरतात, तिथली. बापाची बाग होती, वीस-पंचवीस शेळ्या होत्या. आई तिच्या जन्मावेळीच गेली होती. तिला वाढवलं आत्यानं, हज्जा नौफानं. नौफा विधवा, मूलबाळ नाही. तिच्या मायेला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे सगळी एकाच पोरीवर ओतली जायची.

पुढची हकिगत मला फिद्दाच्या मांडीच्या उरलेल्या हाडानं सांगितली. तो माझा शेजारी होता. मी त्याच्यात रुतून बसलो होतो, त्यामुळे आमच्यात चोरून काही राहिलं नाही.

फिद्दा सफरचंदाच्या झाडावरून पडली आणि तिचा डावा गुडघा सुजला. पडलं की सुजणारच. पण पंधरा दिवस झाले तरी सूज उतरेना. हात लावला की गरम. दिवसा लंगडायची, अंथरुणात कण्हायची. नौफानं महिनाभर ऑलिव्हचं तेल गरम करून चोळलं. जितकं चोळलं तितका तो फुगला. मग तिनं शेगडीत सळई घातली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजी-आत्या आहेत त्यांना ही सळई माहीत असेल. नौफाचा हात त्या कामात नामांकित होता. पाठीची उसण, पोटातली कळ, डोळ्यांची कावीळ, सगळ्यांना ती डाग देई, आणि निम्म्या लोकांना बरंही वाटे. किमान दुसऱ्यांदा तक्रार करायला कुणी येत नसे.

"आत्या, लागेल?" फिद्दानं विचारलं.

"लागेल. मला जास्त लागेल."

"मग आधी तू स्वतःला देऊन बघ."

"जीभ बघा कार्टीची," नौफा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझा हात जळो, पण तुझी कळ जाऊ दे. हा रुमाल चाव."

गुडघ्याभोवती चार डाग दिले. वर, खाली, आत, बाहेर. फिद्दा रुमाल चावून राहिली. चौथ्याला मात्र रुमाल तोंडातून पडला. शेजारचं हाड म्हणत होतं की ती किंकाळी अजून त्याच्या पोकळीत आहे. ही थाप नाही, मित्रांनो. थापा मी पुढे सांगणार आहे.

कळ गेली नाही. आणखी दोन महिने गेले. गुडघा खरबुजाएवढा झाला तेव्हा मुत्लकनं तिला गाडीत घालून अम्मानला आणलं. फोटो काढले, सुई घालून हाडाचा तुकडा तपासला. डॉक्टर सुहैल तेव्हा तरुण होते, डोक्यावर केस होते. ते चारही डागांकडे बराच वेळ बघत बसले.

"हज्जा," ते म्हणाले, "डागणी हे शेवटचं औषध, असंच म्हणतात ना आपल्याकडे?"

"म्हणतात."

"मग तुम्ही ते आधीच कसं वापरलं?"

नौफा म्हणाली, "तुमचा दवाखाना तीन तास लांब, माझी शेगडी दारात. लेकरू रडत होतं, डॉक्टर."

मग डॉक्टरांनी मुत्लकला हाडाच्या कॅन्सरचं सांगितलं. मुत्लकनं डोक्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला, पुन्हा डोक्यावर घातला, पुन्हा काढला. त्याला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

पुढचं तुम्हाला मी काय सांगू? तुम्ही सगळे त्यातूनच चालला आहात. ते लाल औषध, त्या उलट्या, तोंडातले फोड. उशीवर केस आले त्या दिवशी फिद्दा भिंतीकडे वळून पडून राहिली. नौफानं नर्सकडून कात्री मागितली, मेंदी लावलेली आपली लांब वेणी कापली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली.

"घे. तुझे उगवेपर्यंत हे वापर."

"लाल केस? मी म्हातारी दिसेन."

"म्हातारी हो. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

मग ऑपरेशनचा दिवस आला. आदल्या दिवशी फिद्दानं डॉक्टरांना तेच विचारलं जे इथं आदल्या दिवशी सगळेच विचारतात. "पाय ठेवाल ना?"

"ठेवायचा प्रयत्न करतोय," डॉक्टर म्हणाले. "पण माझा क्रम ऐकून ठेव. आधी तू, मग पाय."

त्यांनी पेनानं रेघ आखली. अडचण डागांची होती. जळून वर आलेली कातडी पातळ असते, शिवण नीट धरत नाही. चारपैकी तीन डाग त्यांनी कापून काढले. चौथा, बाहेरच्या बाजूचा, काढला असता तर मला झाकायला कातडी पुरली नसती. तो राहिला. तो रुमाल सुटलेला डाग.

आठ तास लागले. आत गेल्यावर मी आजूबाजूला पाहिलं. अंधार, ऊब आणि कुणी ओळखीचं नाही. वर मांडीचं हाड घाबरून बसलेलं, खाली नडगी. मी म्हणालो, "सलाम आलेकुम, मी नवा गुडघा." आठवडाभर मला कुणी घरातला मानलं नाही.

मित्रांनो, गुडघ्याचं काम फक्त वाकायचं असतं, पण ते मुलीला पहिल्यापासून शिकावं लागतं. रोज थोडं थोडं वाकवायचं. फिद्दा रडायची, मला शिव्या द्यायची. शौबकच्या शिव्या फार जुन्या आणि वजनदार असतात, त्यांत माझी सात पिढ्यांची भट्टी निघायची. तरी तिनं सोडलं नाही. सहा महिन्यांनी ती बागेत चालली. मग पहिलं कडं निघालं. मग दुसरं.

ती माझी सोन्यासारखी वर्षं. लोक मला बघायला यायचे. बघायला काही नव्हतंच, आत होतो मी, पण कातडीवर टिचकी मारून कान लावायचे. एकदा बापाबरोबर ती सरकारी कचेरीत गेली तर दाराची कमान ठणाणा ओरडू लागली.

"काय लपवलंयस, पोरी?" शिपायानं विचारलं.

"गुडघा."

"गुडघा सगळ्यांनाच असतो."

"माझा धातूचा आहे."

"असं? माझ्या पोटात रणगाडा आहे," शिपाई म्हणाला. मुत्लकनं दवाखान्याचा कागद दाखवला. शिपायानं तो दोनदा वाचला, उठून उभा राहिला आणि माझ्यासाठी स्वतः दार धरलं. मंत्र्यासाठीही तो एवढं धरत नसे.

आणि ती शेळी. काळ्या कानांची होती, स्वभावानं कजाग. तिनं फिद्दाला मागून धडक मारली, नेमकी माझ्यावर. टण्‌ असा आवाज झाला. शेळी जागच्या जागी आडवी. उठली ती दक्षिणेकडे जी पळाली, ती थेट अकाबाच्या समुद्रापर्यंत. तिथं ती अजून एका कोळ्याच्या नावेत राहते आणि फक्त मासे खाते. उमैर, तुझा विश्वास नसेल तर अकाबाला जाऊन विचार.

बर्फ पडायच्या आदल्या दिवशी मी दुखायचो. शौबकचे बागवान झाडं छाटण्याआधी फिद्दाला विचारायचे, "काय म्हणतोय तुझा म्हातारा?" फिद्दानंच मला ते नाव दिलं होतं. ती सांगायची, "उद्या नको म्हणतोय." आणि उद्या बर्फ. एकदा मी दुखलो नाही आणि तरी बर्फ पडलं. तेव्हा चूक बर्फाची होती.

मग तिसरं कडं निघालं. ती तेरा वर्षांची झाली होती.

त्याच शरदात त्या चौथ्या डागात एक भोक पडलं. बारीक, सुईच्या टोकाएवढं. त्यातून पाणी यायचं. आधी स्वच्छ, मग पिवळं, मग वास येणारं. डॉक्टरांनी तिला शंभरदा बजावलं होतं, काहीही झिरपलं की त्याच दिवशी अम्मानला यायचं. ती आली नाही. तिनं ते भोक वीस दिवस लपवलं.

का लपवलं, हे मला ठाऊक आहे, कारण वरून तिनं हात ठेवला की मला सगळं ऐकू यायचं. तो डाग आत्याचा होता. मागच्या दोन वर्षांत नौफानं एकदाही सळईला हात लावला नव्हता. शेगडी तिनं अंगणाबाहेर काढून टाकली होती. फिद्दाच्या पायाला पट्टी बांधताना त्या चौथ्या डागावर तिची बोटं नेहमी थांबायची. भोक त्याच डागात पडलंय हे तिला कळलं तर ती काय करील, याची पोरीला धास्ती होती. म्हणून फिद्दा पट्टी स्वतः बांधू लागली. घट्ट. दोन-दोन. अंगात ताप असताना झाडांखाली सफरचंदं वेचत राहिली आणि नौफानं विचारलं की म्हणायची, "ऊन लागलंय."

एकविसाव्या दिवशी ती सफरचंदांच्या पेटीवरच कोसळली. नौफानं पट्टी सोडली. खाली बघितलं. तिनं ओरडा केला नाही, मित्रांनो. तिनं फक्त स्वतःचा उजवा हात धरला, जसा एखाद्या चोराचा धरतात.

मग, मग काय. मग अम्मानला आणलं. धुतलं, औषध दिलं. चार-दोन वेळा धुतलं. आणि भोक बुजलं. बरं झालं सगळं. छान झालं. मग चौथं कडं, मग पाचवं, सहावं, सातवं, आठवं, आणि नववं. नऊच्या नऊ. फिद्दा एवढी उंच झाली की मी तिला अपुरा पडू लागलो. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "म्हाताऱ्या, तुझं काम झालं," आणि मला काढून तिथं एक मोठा, देखणा गुडघा बसवला. ती त्यावर अजून चालते. पळते. चुलतबहिणीच्या लग्नात बायकांच्या रांगेत इतकी नाचली की चटई फाटली. आणि मी इथं टेबलावर आलो, मानानं, निवृत्त होऊन. हे असं झालं.

तर, मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. पडल्यावर सुजलेला गुडघा पंधरा दिवसांत उतरला नाही तर त्याला चोळू नका, भाजू नका, कुणाला तरी दाखवा. आणि आत माझ्यासारखा कुणी बसवला असेल तर त्याच्या वरची कातडी रोज बघा. काही झिरपलं तर सांगा. कुणाला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. ज्याला वाईट वाटायचं त्याला नंतर दसपट वाटतं. आम्ही धातूचे आहोत, आम्हाला ताप येत नाही, आम्हाला ओरडता येत नाही. आमची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते. बस, एवढं केलंत तर उद्या घाबरायचं काही कारण नाही. रनीम, आता जा आणि आईला चहा प्यायला सांग.

रनीम उठली. पण दाराकडे गेली नाही. सफरचंदाचा गाभा तिनं खिडकीत ठेवला, हात झग्याला पुसले आणि मला उचललं.

"जड कुठंयस तू?" ती म्हणाली.

मी म्हणालो, खाली ठेव, पोरी, गार लागेन.

तिनं मला उजेडाकडे वळवलं. भिंतीकडची बाजू वर केली आणि नखानं दांडा चाचपू लागली. "एक," ती म्हणाली. "दोन. तीन." मग नळीच्या तोंडाशी नख थांबलं. पुढे काही नव्हतं.

"नऊ म्हणालास. बाहेर तीनच आहेत."

मी म्हणालो, काढताना आत सरकली असतील.

"बाहेर आलेलं कडं परत आत जात नाही. तूच म्हणालास."

उमैरनं सलाईनचा खांब धरला. कुणी हसलं नाही.

"तू अपुरा पडला नव्हतास," रनीम म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या खाटांपर्यंत गेला. "तुझ्यात अजून सहा बाकी आहेत. भोक बुजलंच नाही. तिचा पाय कापला आणि तुला त्या पायातून काढलं."

मला वाटलं ती आता रडेल, आणि उद्याचं सगळं माझ्यामुळं मोडेल. ती रडली नाही. तिनं मला खिडकीत, त्या गाभ्याशेजारी ठेवलं.

"आज सकाळी शौबकची खाला आली होती. दोन कुबड्या, एक पाय, आणि पाठीला सफरचंदांचं पोतं बांधलेलं. तुम्हा सगळ्यांना वाटलं मी झोपलेय. जाताना तिनं तुझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'काय म्हणतोस, म्हाताऱ्या, उद्या बर्फ आहे का?'" रनीमनं दाराकडे पाहिलं, जिथं बाकावर तिची आई होती, आणि मग माझ्याकडे. "थापाड्या. ती एका पायावर का होईना, जिवंत आहे, हे सांगायचं सोडून तू मला शेळीची गोष्ट काय सांगत बसलास?"